अधिकाराविना ज्ञान

‘अधिकार’ हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. शास्त्रग्रंथांत अधिकारी म्हणजे ते शास्त्र ग्रहण करण्यास पात्र झालेला मनुष्य. कचेरीत अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीने कागद पुढे सरकतो तो. जुना ग्रंथकार आरंभीच चार गोष्टी सांगून टाकी : ह्या ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, दोहोंचा संबंध काय आणि प्रयोजन काय. आज संगणकाच्या पडद्यावर जे ऑनलाइन अभ्यासक्रम मिळतात, त्यांच्याही पहिल्या पानावर ही चार कलमे निराळ्या वेषात उभी असतात. फरक एवढाच की, अधिकारी कोण ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे बहुधा ‘कोणीही’ असे असते. पूर्वज्ञानाची अट नाही, वयाची नाही, पदाची तर नाहीच नाही.

ह्या ‘कोणीही’मध्ये आमची गणना होते. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयातले पदवीधर कारकून. नोकरीनिमित्त बंगळुरास राहतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तासभर सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यविषयक धोरण ह्या विषयांचे अभ्यासक्रम करावयाचे, हा आमचा गेल्या दोन वर्षांचा परिपाठ आहे. आम्ही वैद्य नाही, आरोग्यखात्यात नाही, आणि त्या खात्यात कधी जाऊ असा संभवही नाही. सरकारी नोकरांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ नावाची शिक्षणाची सोय आहे, आणि तेथले काही अभ्यासक्रम पुरे करणे हा आता कामाचाच भाग झाला आहे. त्यांविषयी येथे लिहावयाचे नाही. हुकमाने केलेल्या अभ्यासात नैतिक प्रश्न फारसा उरत नाही, योग्य वेळी योग्य जागी टिचकी मारण्याचा तेवढा उरतो. प्रश्न आहे तो स्वखुशीच्या अभ्यासाचा. एका सहकाऱ्यांनी आम्हांस विचारले, “ह्याचा बढतीस उपयोग?” नाही. “बदलीस?” तोही नाही. “मग कशास?” हा तिसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

तो आमच्या एकट्याचाही नाही. हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांपैकी पुष्कळ जण मुलखापासून दूर, परभाषेच्या गावी, दिवसा फायली आणि रात्री काही ना काही वाचन अशा क्रमाने दिवस काढीत आहेत. कोणी अर्थशास्त्र वाचतो, कोणी शेतीचे, कोणी नद्यांचे. ज्या गोष्टीवर आपली कसलीच सत्ता चालत नाही ती जाणून घेण्यास काही नैतिक मोल आहे काय, की तो केवळ सभ्य माणसाचा वेळ घालविण्याचा एक निरुपद्रवी प्रकार आहे, हा प्रश्न त्या सर्वांचा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत तो अधिक बोचतो, कारण तेथे विषय म्हणजे दुसऱ्यांची दुखणी आणि दुसऱ्यांचे मृत्यू असतात. दुसऱ्यांच्या मृत्यूंचे कोष्टक चहा पीत पाहत बसणे हे एरवी कोणी सद्वर्तन म्हणणार नाही.

पूर्वी ह्या विद्येसाठी फार दूर जावे लागे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य ती शिकावयास अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, आणि परत येऊन १९७० साली त्यांनी जामखेडास आपले काम उभारले. अभय आणि राणी बंग त्याच विद्यापीठातून १९८४ साली शिकून आले, ते पुढे गडचिरोलीस गेले. २०१२ पासून त्याच विद्यापीठातील अध्यापक ‘कोर्सेरा’च्या पडद्यावरून जगभर शिकवू लागले. २०१७ साली आपल्या सरकारचे ‘स्वयम्’ निघाले. बंगळुरातील इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ ही संस्थाही ह्या विषयाचे दूरस्थ शिक्षण देत आली आहे. ज्या व्याख्यानांसाठी आरोळ्यांस समुद्र ओलांडावा लागला, त्यांच्या जातीची व्याख्याने विजयनगरातील दोन खोल्यांत, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजीत, आता ऐकता येतात. विद्येचे असे घरपोच होणे पुष्कळांस संशयास्पद वाटते. घरबसल्या मिळालेली विद्या ती कसली विद्या!

ह्या संशयास त्याच शास्त्रातील एका जुन्या प्रयोगाने फार चांगले उत्तर मिळते. क्षयरोग्यास आरोग्यधामात ठेवावे, तेथे मोकळी हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती द्यावी, हा एके काळी सर्वमान्य उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीस आपल्या आप्तांपैकी कोणी ना कोणी गेल्याच्या आठवणी पुष्कळ मराठी घरांत आहेत. पुढे गुणकारी औषधे निघाली. तेव्हा मद्रास येथे शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट करण्यात आले; एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास तीच औषधे देऊन आपापल्या कोंदट घरीच राहू दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षअखेर घरच्या रोग्यांची प्रकृती आरोग्यधामातल्यांच्या जवळजवळ बरोबरीने सुधारली होती, आणि त्यांच्या घरातील माणसांस त्यामुळे अधिक बाधा झाल्याचेही दिसले नाही. हवा, अन्न, विश्रांती ह्यांना आपण इतकी वर्षे औषध समजत आलो होतो. गुण औषधाचा होता.

विद्यापीठांची हिरवळ, ग्रंथालयाचे घुमट आणि पदवीदानाचे झगे ह्यांतही आरोग्यधामाच्या हवेचा अंश असावा, अशी शंका आम्हांस ह्या प्रयोगामुळे येऊ लागली आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही विसरून चालत नाही. घरी ठेवलेला रोगी बरे वाटू लागताच गोळ्या सोडी. घरी शिकणाराचेही तसेच. असल्या अभ्यासक्रमांस उत्साहाने नाव घालणारांपैकी फारच थोडे शेवटच्या पाठापर्यंत पोचतात, हे जाहीर गुपित आहे. आणि खरा पेच तर पुढेच आहे. मद्रासेस औषध कोणते हे ठाऊक होते. ह्या शिक्षणातले औषध कोणते? व्याख्यान हे औषध नव्हे, असे आमचे मत दिवसेंदिवस होत चालले आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे वळण घेतले पाहिजे.

प्रथम ‘कारकुनाचा ह्या शास्त्राशी संबंध काय’ हा आक्षेप निकालात काढू. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र रुग्णालयात जन्मले अशी समजूत असते. वस्तुतः त्याची निम्मी कुळी कचेरीची आहे. एडविन चॅडविक हे शिक्षणाने कायदेपंडित, हुद्द्याने इंग्लंडच्या दारिद्र्यनिवारण आयोगाचे सचिव. श्रमिकांच्या वस्त्यांतील घाण आणि त्यांची अल्पायुषी जिणी ह्यांचा संबंध दाखविणारा त्यांचा अहवाल १८४२ साली निघाला, आणि १८४८ साली त्या देशात पहिला सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. (ह्याच गृहस्थांनी घडविलेल्या कायद्याने निर्धनांस कोंडवाड्यासारख्या आश्रमांत लोटले होते, हेही सांगितले पाहिजे, एकाच लेखणीतून दोन्ही उतरले.) विल्यम फार हे वैद्यकी शिकलेले असले तरी त्यांची सुमारे चाळीस वर्षे लंडनच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत आकड्यांची मांडणी करण्यात गेली. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी मृतांची यादी ह्याच कचेरीतून मिळविली आणि ती हाती घेऊन दारोदार विचारीत ते ब्रॉड स्ट्रीटवरील पंपापाशी येऊन ठेपले. यादी कचेरीची, पायपीट स्नोची. ह्या शास्त्राचे सारे मर्म ह्या विभागणीत आहे असे आम्हांस वाटते.

आपल्याकडेही तसेच झाले. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. नाशिकास जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले हे गृहस्थ सनदी नोकर होते, डॉक्टर नव्हेत. १९४३ साली नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही योग्य उपचारास मुकू नये, हे त्यातले आधारतत्त्व. ते तत्त्व आमच्यापुरते बरेच खरे झाले आहे. १९५४ साली दिल्लीत केंद्र सरकारची आरोग्य योजना सुरू झाली, ती पुढे इतर शहरांत आली. आमच्या पगारातून दरमहा ठरलेली रक्कम कापली जाते आणि घरातल्या सर्वांच्या नावे कार्डे मिळतात. म्हणजे रात्री दिव्याखाली बसून वंचितांच्या आरोग्याचा अभ्यास करणाराच्या खिशात स्वतःचे कार्ड सुखरूप असते. ह्यात ढोंग आहे असे आम्ही म्हणत नाही, पण कार्ड खिशात आहे हे लक्षात ठेवून पुढचे वाचलेले बरे.

आता कचेरीच्या ह्या वारशाविरुद्धचा जुना आरोप : आकडे माणसाला गिळतात. हा आरोप नुसता भावनेचा नाही. रोगांच्या भाराचे मोजमाप करताना अकाली मृत्यूने आणि पंगुत्वाने बुडालेली आयुष्याची वर्षे मोजण्याची एक पद्धत आहे. १९९३ साली जागतिक बँकेने आपल्या अहवालात ती वापरली. त्या वेळच्या सूत्रात प्रत्येक वर्षाचे वजन सारखे नव्हते. पंचविशीच्या आसपासचे वर्ष सर्वांत भारी, आणि तान्ह्या बालकाचे व म्हाताऱ्याचे वर्ष हलके. पुढे ह्यावर पुष्कळ वाद झाला आणि २०१० सालासाठी केलेल्या जागतिक मोजणीत हे वयाचे वजन काढून टाकण्यात आले. हा पाठ आम्ही ऐकत होतो तेव्हा पलीकडच्या खोलीत आमच्या मातोश्री निजल्या होत्या. त्यांचे एक वर्ष आमच्या एका वर्षाहून कमी भरते, हे वाक्य बिनचूक इंग्रजीत, आलेखासह, ऐकावयास मिळाले. रागावण्यापूर्वी मात्र विचार करावा लागतो. पैसा थोडा आणि दुखणी फार असता कोणाला आधी, हे कोणी तरी ठरवीतच असते. सूत्र नसले म्हणजे न्याय होतो असे नाही, वशिला होतो. सूत्रात अन्याय असेल तर तो निदान कागदावर दिसतो, त्याच्याशी भांडता येते, आणि भांडून तो काढून टाकता येतो, जसा हा काढला गेला. वशिल्याला आलेख नसतो.

आकड्याचे दुसरे एक विलक्षण अंग आहे. जेफ्री रोज ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८५ साली ते फार स्पष्टपणे मांडले. जो उपाय समाजाला मोठा लाभ देतो, तो त्यातील एकेका व्यक्तीला जवळजवळ काहीच देत नाही. साऱ्या गावाने मीठ थोडे कमी खाल्ले तर काही माणसे अर्धांगवायूपासून वाचतात. ती कोणती, हे कोणालाच, त्यांना स्वतःलाही, कधी कळत नाही. शस्त्रक्रियेने वाचलेला मनुष्य सर्जनच्या घरी पेढे घेऊन जातो. लस टोचल्यामुळे गोवर न झालेल्या मुलाची आई कोणाकडे जाणार? गीतेने कर्त्यास फळाची आशा सोडण्यास सांगितले. येथे तर फळ ज्याच्या ओंजळीत पडले त्यालाही त्याची वार्ता नसते. आम्हां फायलीवाल्या लोकांस हे कळावयास जड जात नाही. वेळेवर लिहिलेल्या टिपणीमुळे जो घोटाळा झाला नाही, त्याबद्दल कोणाचे आभार कोणी मानल्याचे ऐकिवात नाही.

इथवरचे सारे पडद्यावर शिकता येते आणि चांगले शिकता येते. ह्यापुढील गोष्ट ज्या गावात आम्ही राहतो तेथलीच, पण ती तरी आम्हांस कळली पडद्यावरूनच.

बंगळुरास बळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. ती १९५९ साली स्थापन झाली, आणि १९६० च्या सप्टेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. क्षय हा शहरांचा रोग, ही समजूत त्यापूर्वीच्या देशव्यापी पाहणीने नुकतीच मोडीत काढली होती. खेड्यांतही तो तितकाच होता. मग खेड्यांतील रोगी दवाखान्यात का दिसत नाहीत? ह्याचे उत्तर शहाण्या लोकांजवळ तयार होते. खेडूत अडाणी, तो खोकला अंगावर काढतो, देवऋषाकडे जातो, आधुनिक वैद्यकावर त्याचा विश्वास नाही. तेव्हा फिरती यंत्रे घेऊन गावोगाव जावे, त्याला शोधून काढावे, त्याचे प्रबोधन करावे. संस्थेच्या पथकांनी बंगळूरच्या वायव्येस असलेल्या तुमकूर जिल्ह्यात क्षकिरणांनी आणि थुंकीच्या परीक्षेने रोगाची पाहणी केली. आणि मग एक साधीशी गोष्ट झाली, जी तोवर फारशी कोणाला सुचली नव्हती. देबाबर बॅनर्जी हे समाजशास्त्राकडे वळलेले डॉक्टर आणि स्टिग अँडरसन हे डेन्मार्कचे तज्ज्ञ, ह्यांनी त्या रोग्यांस विचारविले की, तुम्हांला काय होते आहे आणि तुम्ही त्याबद्दल काय केलेत.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तरे आहेत. ज्यांच्या थुंकीत रोगाचे जंतू सापडले होते, त्यांपैकी बहुतेक सर्वांस आपल्या दुखण्याची जाणीव होती. पुष्कळांस काळजी वाटत होती. आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक आधीच सरकारी दवाखान्यात किंवा आधुनिक वैद्यकाच्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी जाऊन आले होते. पायी, बैलगाडीने, दिवसाची मजुरी बुडवून, हे आपण समजून घ्यावयाचे. तेथे बहुतेकांस खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली आणि ते घरी परतले. कोणी त्यांची थुंकी तपासली नव्हती.

म्हणजे जे रोगी सापडत नाहीत म्हणून यंत्रे पाठवावयाची होती, ते आपल्या पायांनी दारापर्यंत येऊन गेले होते. अज्ञान होते, पण ते खिडकीच्या आतल्या बाजूस होते.

ह्या शोधाचा परिणाम मोठा झाला. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणीच ह्या विचारावर झाली की, स्वतंत्र फौज नको. जो मनुष्य खोकत साध्या दवाखान्यात येतो, त्याचीच थुंकी तेथल्या तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. विचार उत्तम होता. अंमलात तो लंगडला. पैसा आणि माणसे पुरी पडली नाहीत, १९९२ सालच्या आढाव्यात कार्यक्रमाची कामगिरी निराशाजनक ठरली आणि १९९७ पासून त्याची नवी मांडणी झाली. परंतु मधल्या काळात जुनी खोड पुन्हा उगवली होती. जो रोगी औषधे अर्धवट सोडी त्याला जगभरच्या दप्तरांत ‘डिफॉल्टर’ म्हणत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर कसूरदार, कर्ज बुडव्याला लावतात तोच शब्द. गोळ्या संपल्या असतील, दवाखाना बंद असेल, तो मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल, कसूर त्याची. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला. शब्द बदलल्याने गोळ्या येत नाहीत हे खरे. पण पाठपुरावा करणारा कोणी तरी असतो आणि त्याच्या हातून तो सुटला असू शकतो, एवढे त्या नव्या शब्दात मान्य होते.

तुमकूरची ही हकीकत ऐकताना आम्हांस जे वाटले ते वैद्यकाविषयी नव्हते. सरकारी टिपणीत एक वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी वाचले आहे : लाभार्थींमध्ये जागृतीचा अभाव असल्याने योजनेस अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. अर्ज आले नाहीत, रक्कम परत गेली, वर्ष संपले. हे वाक्य इतके सोयीचे आहे की ते लिहिताना लेखणी अडखळत नाही; त्यावर कोणी प्रतिप्रश्न विचारीत नाही; आणि ज्याच्याविषयी ते लिहिले आहे तो ते कधी वाचणार नसतो. ते खोटेच असते असे नाही. परंतु ते तपासलेले नसते. न येणारा आणि येऊन परत गेलेला हे दोघे कोष्टकात सारखेच दिसतात. दोघांच्याही रकान्यात शून्य असते. ही दोन शून्ये वेगळी ओळखणे, हे आमच्या मते ह्या शिक्षणातले औषध. व्याख्यान ही त्याची केवळ बाटली.

अशी शून्ये गडचिरोलीतही होती. बंग दांपत्याने १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा उपचाराइतकाच भर नोंदीवर दिला. गावातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू. गावच्याच बायकांना नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविले, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. त्यात दिसले की सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक होते. जे मूल नोंदलेच नाही, ते मेल्याने कोणाचाच आकडा बिघडत नाही. ही खोट केवळ आदिवासी मुलखाची नव्हे. २०२१ साली साऱ्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने लिहून दिले होते, ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. आकडे माणसाला गिळतात हा आरोप आपण वर पाहिला. आकड्यात न येणाऱ्या माणसाला कोण गिळते, हे त्या आरोपात सांगितलेले नसते.

यावर कोणी म्हणेल, लोकांना मोजावयाचे, तपासावयाचे, तर त्यांच्या घरांत शिरावे लागेल, आणि त्याचे काय होते हे पुण्यास १८९७ साली दिसले आहे. आक्षेप खरा आहे. त्या वर्षी प्लेगच्या नावाखाली झालेली घरझडती मराठी माणूस विसरलेला नाही. पण त्याच शहरात, त्याच साथीत, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या, हेही विसरता येत नाही. पुढच्या वर्षी प्लेग बंगळुरास आला. दाट पेठांतून लोकांस बाहेर काढावे लागले, आणि मल्लेश्वरम् व बसवनगुडी ह्या वसाहती त्यातूनच आखल्या गेल्या. आज तेथील जुनी झाडे पाहून गावाची तारीफ करणाऱ्या मंडळींना त्यांचे मूळ क्वचितच ठाऊक असते. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा मात्र सर्वांना ठाऊक झाला, कारण २०२० साली तोच पुन्हा बाहेर काढावा लागला. रँडच्या शिपायांनी आणि सावित्रीबाईंनी एकाच रोगासाठी घरांची दारे ओलांडली. दोहोंत जो फरक आहे, तो कोणत्याही अभ्यासक्रमात एका प्रश्नाच्या चार पर्यायी उत्तरांत बसविता येणार नाही. तो सर्वनामाचा फरक आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हा लेख आम्ही ‘आम्ही’ने लिहीत आहोत, तो लेखनाचा जुना शिरस्ता म्हणून, पण कचेरीतील भाषाही ‘आम्ही’चीच असते, आणि समोर असतात ते ‘लाभार्थी’. आजच्या कन्नडात हा भेद नाही. ‘नम्म’ म्हणजे आमचेही आणि आपलेही. २०२३ पासून ह्या शहरात लहान लहान सरकारी दवाखाने उघडले, त्यांचे नाव ‘नम्म क्लिनिक’. हे नाव आतल्याने उच्चारले की बाहेरच्याने, ह्यावर त्याचा अर्थ ठरेल. सार्वजनिक आरोग्य ह्यातील ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाचेही तेच आहे.

तर मग अधिकार? सही ज्याची तो अधिकारी, हे कचेरीपुरते मान्य. पण सहीच्या वर जो मजकूर असतो, तो बहुधा आमच्यासारखाच कोणी तरी लिहितो. ‘जागृतीचा अभाव’ असे लिहावयाचे, की ‘किती जण येऊन परत गेले ह्याची नोंद ठेवलेली नाही’ असे लिहावयाचे, इतका अधिकार कनिष्ठातल्या कनिष्ठ लेखणीलाही असतो. दुसरे वाक्य वरिष्ठांस आवडत नाही. ते फाईल परत आणते, काम वाढविते, आणि कधी कधी ते खोडले जाते. दुखणी वाचून हळहळणे सोपे आहे. ज्याने तुमकूर वाचले, त्याला पहिले वाक्य न तपासता पूर्वीइतक्या सहजपणे लिहिता येऊ नये. येत असेल, तर त्याने केलेला अभ्यास मनोरंजनच होता आणि प्रमाणपत्र चौकटीत लावण्यास काही हरकत नाही.

पडद्याची मर्यादाही येथेच लागते. तुमकूरचे उत्तर संस्थेच्या इमारतीत बसून मिळाले नसते. ते तेथल्या खेड्यांत जाऊन विचारावे लागले. आणि ते प्रश्न कन्नडातूनच विचारले गेले असणार, इंग्रजीतून नव्हेत. आमचे सर्व अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. आपल्या मंडळींत दहा-दहा वर्षे बंगळुरास काढून भाजीवाल्याशी अजून हिंदीत बोलणारे पुष्कळ निघतील. गेल्या पावसाळ्यापासून शनिवार सकाळचा तास आम्ही व्याख्यानांऐवजी कन्नडास दिला आहे. लिपी जमली, क्रियापदे दगा देतात. खोकल्याला कन्नडात ‘केम्मु’ म्हणतात, कफाला कफच. किती दिवसांपासून, हे विचारावयाचे तर ‘एष्टु दिनदिंद’. एवढा प्रश्न आता आम्हांस नीट विचारता येतो. उत्तर भरभर आले, म्हणजे मात्र पुन्हा एकदा सावकाश सांगा म्हणून विनवावे लागते.